भाडेकरूने करार मोडला तर: पहिल्या नोटिशीपासून ताबा मिळेपर्यंत

दोन महिने भाडं आलेलं नाही, फोन उचलला जात नाही, आणि सोसायटीच्या वॉचमनकडून कळतं की फ्लॅटमध्ये भलतीच चार मुलं राहतायत. अशा वेळी बहुतेक घरमालकांच्या मनात पहिला विचार येतो तो कुलूप बदलण्याचा. तो तिथल्या तिथे सोडून द्या. करार मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचा बऱ्यापैकी सरळ रस्ता महाराष्ट्रात कायद्यानेच दिलेला आहे. पण त्या रस्त्यावर तुमचं एक पाऊल चुकलं, तर करार मोडणारा तक्रारदार होतो आणि तुम्ही आरोपी.

पुढचं बहुतेक सगळं राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरण्याचा परवाना देऊन, दिलेल्या घरांबद्दल आहे. दुकानं, ऑफिसं आणि पागडीच्या खोल्यांचा मार्ग वेगळा आहे, त्यावर पुढे थोडक्यात लिहिलं आहे. गोव्यात तर १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे इथली कलमं तिकडे लावू नका. आणखी एक काळजी घ्या. 'पहिले दोन महिने दुप्पट, नंतर चौपट भाडं' किंवा 'डिपॉझिट दोन महिन्यांचंच' असं जे फिरत असतं, ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातलं आहे. महाराष्ट्रात चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

आधी कपाटातून करार काढा

पहिला प्रश्न एकच: करार नोंदवलेला आहे का? 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' ही समजूत महाराष्ट्रात खरी नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. याहून जड परिणाम वेगळाच आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद इथे कामाला येत नाही.

हे सगळं किती थोडक्या पैशांसाठी घडतं ते पाहा. २२,००० भाडं, १ लाख परत करायचं डिपॉझिट आणि ११ महिने मुदत धरा. भाड्याचे २,४२,००० आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज सुमारे ९,१६७, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण सहा-सातशे रुपये. वर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००.

करार नोंदवलेला नसेल आणि सही होऊन चार महिने झाले नसतील, तर तोच दस्त नोंदणीसाठी दाखल करता येतो. चार महिने उलटले असतील आणि भाडेकरूशी अजून बोलणं होत असेल, तर थकबाकीचा विषय काढण्याआधी उरलेल्या मुदतीचा नवा करार करून नोंदवून घ्या. भांडण सुरू झाल्यावर कोणी अंगठा द्यायला येत नाही.

करार हातात आला की पेन्सिलने खुणा करा: मुदतीची पहिली आणि शेवटची तारीख, भाडं कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच संपवता येत नाही) किती महिन्यांचा, किती दिवसांच्या नोटिशीने आणि कोणत्या कारणाने करार रद्द करता येतो, पोटभाडेकरू ठेवण्यावर बंदी, वापर फक्त राहण्यासाठी, घराची पाहणी कधी करता येईल, नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या ईमेलवर पाठवायची. लॉक-इनचं कलम दोनदा वाचा. लॉक-इन चालू असताना थकबाकीवरून करार रद्द करता येतो की नाही, हे त्या कलमाच्या शब्दांवरच ठरतं. काही करारांत 'दोघांपैकी कोणालाही करार संपवता येणार नाही' एवढंच लिहिलेलं असतं. काहींमध्ये 'कराराचा भंग झाल्यास हे बंधन घरमालकावर राहणार नाही' असं पुढे जोडलेलं असतं. ही एक ओळ असली तर बरेच महिने वाचतात.

करारातली भाषाही पाहून ठेवा. लिव्ह अँड लायसन्समध्ये समोरचा माणूस 'परवानाधारक' असतो आणि तो देतो ते 'परवाना शुल्क'. बोलताना आपण भाडेकरू-भाडं म्हणतोच, या लेखातही तेच शब्द आहेत. पण नोटिशीत, पावतीवर आणि मेसेजमध्ये करारातलेच शब्द वापरा. 'मी यांचा भाडेकरू आहे, यांनीच तसं लिहून दिलंय' असं म्हणायला आपल्या हाताने जागा करून देऊ नका.

भंग झाला हे कागदावर दिसलं पाहिजे

थकबाकीचा पुरावा सर्वात सोपा असतो: बँकेचं स्टेटमेंट. महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख आणि बाकी, अशा पाच रकान्यांचा तक्ता करा. रोख घेतलेल्या पैशांची पावती दिली नसेल, तर तो महिना वादात गेला असं समजा. भाडं महिन्याला ५०,००० च्या वर असेल, तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आयकर, कापणं बंधनकारक आहे. म्हणून कमी रक्कम आली असं ठरवण्याआधी फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा) पाहा. टीडीएसला थकबाकी म्हटलेली नोटीस पहिल्याच उत्तरात पडते.

पोटभाडेकरूचा आरोप करताना सावध राहा. आई-वडील महिनाभर राहायला आले किंवा भाऊ परीक्षेसाठी आला, तर तो पोटभाडेकरू नव्हे. पैसे घेऊन कोणाला ठेवलंय हे दाखवणाऱ्या गोष्टी गोळा करा: भाड्याच्या साइटवर टाकलेल्या जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट, सोसायटीच्या गेटवरची नोंद, 'करारात नाव नसलेल्या व्यक्ती अमुक तारखेपासून राहत आहेत' असं सेक्रेटरीचं सही-शिक्क्याचं पत्र. त्या लोकांना आपला हक्क लागेल अशी भीती मात्र बाळगू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्येच म्हटलं आहे की करारात परवानाधारक म्हणून ज्याचं नाव नाही, अशा कोणाचाही दावा सक्षम प्राधिकारी (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेला अधिकारी) ऐकून घेणार नाही.

राहत्या घरात धंदा सुरू केला असेल तर तिकडे लगेच लक्ष द्या, कारण त्याचं बिल तुमच्या नावावर येतं. घरगुती मीटरवर क्लास, पार्लर किंवा टिफिनचा कारखाना चालू आहे असं वीज कंपनीच्या तपासणीत आढळलं, तर २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि जोडणी तुमच्या नावावर असते. दोन-तीन मुलांची शिकवणी आणि तीस खुर्च्यांचा क्लास यांतला फरक फोटोत दिसला पाहिजे. दारावरच्या पाटीचा, छापील पत्रकाचा फोटो ठेवा.

भिंत फोडणं, बाथरूम हलवणं, बाल्कनी बंद करणं यासाठी करारातल्या कलमाप्रमाणे लेखी वेळ मागून पाहणी करा. कलमात कालावधी दिलेला नसेल तर किमान २४ तास आधी मेसेज आणि ईमेल करा आणि सोबत सोसायटीचा मॅनेजर किंवा एखादा कमिटी सदस्य न्या. दुसरी चावी आहे म्हणून भाडेकरूच्या गैरहजेरीत आत शिरू नका. प्रत्येक खोलीचे दारापासून आतपर्यंत सलग फोटो घ्या आणि नुकसानीजवळ मोजपट्टी धरून एक फोटो काढा. घर देताना काढलेले फोटो आणि सामानाची यादी शेजारी ठेवता आली, तरच या फोटोंना वजन येतं.

व्हॉट्सअॅपवरचं संभाषण पुरावा म्हणून चालतं, पण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, आणि प्रकरण संपेपर्यंत तो फोन विकू नका.

पहिल्या पंधरवड्यात काय करायचं

फोनवर भांडणं थांबवा. बोललात तरी त्याच दिवशी एक मेसेज टाका: 'आज फोनवर ठरल्याप्रमाणे एप्रिल आणि मे महिन्याचे ४४,००० रुपये तुम्ही १० जूनपर्यंत जमा करणार आहात.' समोरून 'हो' आलं तर थकबाकी मान्य झाली. उत्तर आलंच नाही, तरी तारीख लागली.

डिपॉझिटला हात लावू नका. 'डिपॉझिटमधून वळते करा ना, मी दोन महिन्यांत जातोच' ही मागणी फार वेळा येते आणि ऐकायला रास्त वाटते. तुम्ही हो म्हणालात की थकबाकी कागदावरून नाहीशी होते, करारभंगाचं कारण जातं, आणि तारखेला तो गेला नाही तर हातात काहीच उरत नाही. नुकसान, वीजबिल, मुदतीनंतरचे दिवस, या सगळ्यासाठी तेवढीच रक्कम असते. मान्य करायचंच असेल, तर घर सोडण्याची तारीख लिहून दोघांनी सही केलेल्या कागदावर करा.

वीजबिल भाडेकरूने भरलं नसेल तर तुम्ही भरा. हे मनाला पटत नाही, पण त्यामागे हिशेब आहे. जोडणी तुमच्या नावावर असते, बिल थकलं की पंधरा दिवसांची नोटीस देऊन कंपनी वीज तोडते, आणि मग 'मालकानेच लाइट तोडली' हा आरोप तयार होतो. बिल भरा, पावती जपा, रक्कम थकबाकीत जोडा. सोसायटीच्या मेंटेनन्सचंही तेच. तुम्ही सभासद आहात, थकबाकीदार म्हणून नाव तुमचंच लागतं.

भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली होती का, ती पोच सापडते का, तेही याच आठवड्यात बघून घ्या. दिली नसेल तर प्रकरण तापायच्या आत द्या.

नोटीस

दोन नोटिसा द्याव्यात: पहिली भंग दूर करायला सांगणारी, दुसरी परवाना रद्द करणारी. एकाच नोटिशीत 'पैसे भरा, नाहीतर करार रद्द समजा' असं लिहिलं की करार नेमका कोणत्या दिवशी संपला यावर वाद होतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर उभा असतो. पहिली नोटीस स्वतः लिहिली तरी चालेल. दुसरी वकिलाकडून पाठवा.

पहिल्या नोटिशीचा मजकूर साधारण असा असावा:

> विषय: दि. १ नोव्हेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या लिव्ह अँड लायसन्स करारातील कलम ३ व ६ चा भंग.
>
> वरील पत्त्यावरील सदनिकेसंबंधी आपल्यातील करार दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त क्रमांक ____ अन्वये नोंदवलेला आहे. कलम ३ प्रमाणे दरमहा २२,००० रुपये परवाना शुल्क त्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत देणे आपणावर बंधनकारक आहे. एप्रिल २०२५ चे २२,००० व मे २०२५ चे २२,००० रुपये आजतागायत मिळालेले नाहीत. कलम ६ प्रमाणे वीजबिल आपण भरावयाचे असताना ते न भरल्याने ३,८६० रुपये मी दि. २८ मे २०२५ रोजी भरले आहेत. एकूण येणे रक्कम ४७,८६० रुपये.
>
> ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वरील रक्कम करारात नमूद केलेल्या बँक खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास करारातील कलम १४ प्रमाणे परवाना रद्द करण्याची कार्यवाही केली जाईल. अनामत रक्कम या थकबाकीत समायोजित करण्यास माझी संमती नाही. माझे सर्व कायदेशीर हक्क अबाधित ठेवून ही नोटीस देत आहे.

कलमांचे आकडे आणि दिवसांची मुदत आपल्या करारातून घ्या. करारात ३० दिवस लिहिले असतील तर १५ लिहू नका. एवढ्या चुकीवर पुढचं सगळं लटकतं. धमकी, शिवी, जातीचा किंवा धर्माचा उल्लेख, 'सामान बाहेर फेकू' अशी वाक्यं नोटिशीत काय, मेसेजमध्येही येता कामा नयेत. तोच कागद तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो.

पाठवताना तीन वाटांनी पाठवा: पोचपावतीसह स्पीड पोस्टने (जुनं रजिस्टर्ड एडी आता त्यातच विलीन झालं आहे), करारातल्या ईमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर पीडीएफ करून. पोस्टाची एक प्रत भाड्याच्या घरी जाऊ द्या आणि एक करारात दिलेल्या गावच्या कायमच्या पत्त्यावर. ही दुसरी प्रत लोक विसरतात, आणि बऱ्याचदा फोन येतो तो गावाकडच्या वडिलांचाच. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंदच ठेवा, तसंच ते पुराव्यात जातं. पत्ता बरोबर असेल आणि टपालखर्च भरलेला असेल, तर नोंदणीकृत टपाल पोचलं असं कायदा गृहीत धरतो.

यांतलं काहीही करू नका

पाणी, वीज, लिफ्ट, जिन्यातला दिवा, संडासाची सोय या आवश्यक सेवा आहेत. थकबाकी कितीही असली तरी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे त्या तोडणं किंवा अडवणं गुन्हा आहे, आणि सोसायटीला सांगून तोडायला लावलं तरी त्यातून सुटका नाही. कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं, चार माणसं दारात बसवली, तर भाडेकरू पोलिसांकडे जातोच, पण १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो ताबा परतही मिळवू शकतो. त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हे पाहिलंच जात नाही. ताबा कोणाकडे होता आणि तो कायद्याच्या मार्गाने गेला का, एवढाच प्रश्न असतो.

पोलिसांकडून घर रिकामं करून मिळेल ही अपेक्षाही सोडा. ताब्याचा वाद दिवाणी आहे. मारहाण, धमकी, तोडफोड, घरात बेकायदा धंदा असेल तर तक्रार जरूर द्या. अदखलपात्र तक्रारीची प्रतसुद्धा फाइलमध्ये उपयोगी पडते.

बंद दाराची अडचण यातलीच. भाडेकरू निघून गेला आहे, आत सामान आहे, कुलूप त्याचं. महिनाभर दिवा लागलेला नाही म्हणून कुलूप फोडलंत, तर नंतर 'आत दागिने होते' असा दावा येऊ शकतो. त्याच्याकडून मेसेजवर का होईना, 'मी घर सोडलं आहे, ताबा घ्या' असं लेखी मिळवा. मग सोसायटीचे दोन पदाधिकारी साक्षीला ठेवून, पोलीस ठाण्यात लेखी कळवून, सलग व्हिडिओ घेत कुलूप उघडा आणि सामानाची यादी करून सह्या घ्या. तसं लेखी मिळत नसेल तर आदेश मिळेपर्यंत दार बंद राहू द्या.

मुदत संपली आणि तो जात नाही: कलम २४

राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घरासाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागत नाही. अर्ज करायचा तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे. शासनाने हे अधिकारी याच कामासाठी विभागवार नेमलेले आहेत. आपलं घर कोणाच्या हद्दीत येतं ते अर्जाआधी पाहून घ्या.

अर्जासोबत लागतं ते असं: नोंदणीकृत कराराची प्रत, मालकीचा पुरावा (खरेदीखताची सूची क्रमांक दोन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती), नोटिसा आणि त्या पोचल्याचा पुरावा, थकबाकीचा तक्ता, शपथपत्र. मूळ मालक वारला असेल तर वारसाला अर्ज करता येतो. पण स्वतः भाडेकरू असून ज्याने घर पुढे लायसन्सवर दिलं, त्याला हा मार्ग खुला नाही.

ही पद्धत वेगवान ठरते ती एका गोष्टीमुळे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याला शपथपत्र देऊन बचाव मांडण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमच्या अर्जातलं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून निष्कासनाचा, म्हणजे घर रिकामं करण्याचा, आदेश होतो. लेखी करारात जे नमूद आहे त्याबद्दल तो करार निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे 'आमचं तोंडी वेगळं ठरलं होतं' हा बचाव टिकत नाही. आदेशावर अपील नाही, ९० दिवसांत रिव्हिजन (आदेशाच्या फेरतपासणीचा अर्ज) करता येतं. आदेश पाळला नाही तर आवश्यक ते बळ वापरून ताबा घेण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. वेळ जातो तो बहुतेक समन्स बजावण्यात. समोरचा दार उघडत नाही, तारीख पुढे जाते. म्हणून कायमचा पत्ता, ऑफिसचा पत्ता आणि ईमेल अर्जातच द्या आणि बजावणी झाली का याचा पाठपुरावा स्वतः करा.

मुदत संपल्यावर राहिलेल्या दिवसांसाठी करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. २२,००० च्या घराला महिन्याला ४४,०००, म्हणजे दिवसाला साधारण १,४६७ रुपये. हा आकडा दुसऱ्या नोटिशीत स्पष्ट लिहा. बरेच जण त्या आकड्यावरच घर सोडायला तयार होतात.

एक गाठ इथे नीट समजून घ्या. कलम २४ चे शब्द 'परवान्याची मुदत संपल्यावर' असे आहेत. मुदत बाकी असताना थकबाकीवरून परवाना रद्द केला असेल, तर समोरचा वकील हाच मुद्दा काढतो. करारात रद्द करण्याचं स्पष्ट कलम आणि दोन स्वच्छ नोटिसा असतील तर तुमची बाजू भक्कम होते, पण वाद होणार हे धरून चाला. मुदत संपायला दोन-तीनच महिने उरले असतील तर थकबाकीची नोटीस देऊन ठेवा, अर्जाची फाइल तयार करा आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल करा. बहुतेक वेळा हाच जवळचा रस्ता ठरतो. सात-आठ महिने बाकी असतील तर थांबणं परवडत नाही, तिथे वकिलाचा सल्ला घ्याच.

मुदतीनंतर खात्यात पैसे आले तर? यूपीआयवर कोणी बावीस हजार टाकले की ते नाकारता येत नाहीत, आणि गप्प राहिलात तर 'मालकाने भाडं घेतलं, म्हणजे मुदत वाढवली' असं म्हटलं जातं. त्याच दिवशी लिहा: 'दि. ____ रोजी जमा झालेले २२,००० रुपये परवाना शुल्क म्हणून नव्हे, तर मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी, माझे हक्क अबाधित ठेवून स्वीकारले आहेत. परवान्याला मुदतवाढ दिलेली नाही.' दर वेळी लिहा, कंटाळू नका.

थकबाकी वसूल करायचा दावा देय तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. ताबा मिळाला म्हणून पैशांचा विषय वर्षानुवर्षं लांबवू नका.

तडजोड

सगळ्यांशी लढायचं नसतं. नोकरी गेलेला, घरात आजारपण असलेला माणूस आणि ठरवून बुडवणारा माणूस, हे दोघं पहिल्या दोन मेसेजमध्ये ओळखू येतात. पहिल्याशी बोला: अर्धी थकबाकी सोडतो, पण ३० तारखेला घर रिकामं. हिशेबाने पाहिलं तर एका महिन्याचं भाडं सोडून मिळालेला ताबा हा सहा महिने चाललेल्या प्रकरणापेक्षा स्वस्त पडतो, आणि समोरच्यालाही मान राखून जाता येतं. ठरलेलं मात्र लिहून घ्या: सोडण्याची तारीख, माफ केलेली रक्कम, आणि 'या तारखेला ताबा न दिल्यास माफी रद्द, पूर्ण थकबाकी देय' हे वाक्य.

दुकान, ऑफिस, पागडी

दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलं असेल तर कलम २४ चा मार्ग नाही. मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र त्या हद्दीच्या न्यायालयात दावा लावावा लागतो. भाडेकरू ही १ कोटी किंवा जास्त भरणा झालेल्या भांडवलाची कंपनी असेल, किंवा बँक असेल, तर तिला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षणच मिळत नाही.

पागडीच्या किंवा जुन्या संरक्षित भाडेकरूला थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि खर्चासह भरली, तर थकबाकीच्या कारणावर निष्कासन होत नाही. परवानगीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम, बेकायदा पोटभाडेकरू, शेजाऱ्यांना उपद्रव, मालकाची खरी गरज ही कलम १६ मधली कारणं वेगळी सिद्ध करावी लागतात. हे काम पहिल्या दिवसापासून वकिलाचं.

ताबा घेण्याचा दिवस

दिवसाउजेडी घ्या. सामान पूर्ण निघाल्यावरच घरात शिरा, अर्ध्या सामानावर ताबा घेऊ नका. दोघांनी मिळून खोलीखोलीने फिरा, करारासोबतची यादी हातात धरा. सगळे नळ सोडून पाहा, फ्लश ओढा, गिझर दहा मिनिटं चालू ठेवा, प्रत्येक बटण दाबा. वीज आणि गॅसच्या मीटरचा रीडिंगसह फोटो घ्या. चाव्या मोजून घ्या: मुख्य दार, सेफ्टी डोअर, लेटरबॉक्स, पार्किंगचा रिमोट, सोसायटीचं कार्ड.

कापायचं काय यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. फिका पडलेला रंग, खिळ्यांची भोकं, झिजलेला नळाचा वायसर ही वापराची झीज आहे, ती कापू नका. फुटलेलं बेसिन, जळालेला ओटा, मोडलेलं दार, गायब झालेला पंखा, थकीत बिलं हे कापा, आणि प्रत्येक रकमेला बिल किंवा कारागिराचा लेखी अंदाज जोडा. उरलेलं डिपॉझिट बँकेतूनच परत करा, रोख नको.

मग ताबा पावती करा. त्यात सदनिकेचा पत्ता, दस्त क्रमांक, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, मीटर रीडिंग, चाव्यांची संख्या, कापलेली आणि परत केलेली रक्कम, आणि 'यापुढे एकमेकांकडे कोणतेही येणे नाही' किंवा वाद बाकी असेल तर 'अमुक रक्कम येणे आहे' असं लिहा. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. मुदतीआधी घर सोडलं असेल तर 'करार आज परस्परसंमतीने संपुष्टात आला' हे वाक्य हवंच, कारण नोंदणीच्या दफ्तरी तो करार मुदतीपर्यंत चालूच दिसतो. कुलूप त्याच संध्याकाळी बदला, आता ते तुमच्या हक्काचं आहे. सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला घर रिकामं झाल्याचं पत्र देऊन पोच घ्या.